दिग्दर्शकाच्या फुग्याला शेपूट

माझी थोरली बहीण बैठं काम करणारी बाई आहे, पण त्या आठवड्यात ती खुर्चीत कमी आणि खोलीत जास्त होती. दोन ओळी टाइप करायची, उठायची, खिडकी उघडायची, वारा येतो म्हणून लावायची, पाणी न पिताच पेला धुवून ठेवायची आणि परत येऊन त्याच दोन ओळी खोडायची. समोरच्या भिंतीला माझं शिलाई मशीन आहे. मी लोकांचे कपडे दुरुस्त करते. एका पँटची चेन बसवेपर्यंत ती माझ्या पाठीमागून इतक्या वेळा गेली, की शेवटी मी म्हटलं, "ताई, बूड टेक जरा. माझी टीप वाकडी जातेय."

"टीप तुझी आणि दोष माझा?" ती म्हणाली आणि पुन्हा उठली.

ताईचं काम सांगितलं तर लोकांना पटकन कळत नाही. जपानी चित्रकथा, ज्यांना मांगा म्हणतात, त्या आपल्या भाषेत यायच्या तर माणसांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत आपली अक्षरं कुणीतरी भरावी लागतात. ते कुणीतरी म्हणजे ताई. अनुवादक मजकूर पाठवतो. ताई मूळ अक्षरं पुसते, फुगा लहान पडला तर वाढवते, किंकाळी असेल तर अक्षरं दातेरी करते, कुजबुज असेल तर बारीक. तोंडाने बोललेलं असेल तर फुग्याला बोलणाऱ्याकडे जाणारं टोक काढायचं. त्याला ती शेपूट म्हणते. मनातलं असेल तर फुगा बिनशेपटीचा. एवढाच फरक, पण तो चुकला तर कथा कोलमडते. ताई त्यात कधी चुकली नव्हती.

तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांबलेली मालिका एकच. सिनेमाच्या स्टुडिओत कपड्यांना इस्त्री करणारी एक पोरगी एक दिवस आजारी नटीच्या जागी उभी राहते आणि पुढे स्वतःच नटी होते. तिच्यावर एका मोठ्या नटाचा जीव आहे आणि ते तो तिला सांगत नाही. त्या नटाची हनुवटी भागागणिक लांब होत गेली, म्हणून आमच्या घरात त्याचं नावच हनुवटी. ताईची मुलगी पहिलीत होती तेव्हा या मालिकेचा पहिला भाग आला. आज मुलगी दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच झाली, आम्ही तिला अजून बारकीच म्हणतो, आणि हनुवटी अजून तिथेच, उघडलेलं तोंड मिटून घेत.

ताईचा नवरा लवकर गेला. बारकीचं शिक्षण, या दोन खोल्या, सगळं त्या फुग्यांवर चाललं. त्यामुळे हनुवटीला मी कितीही नावं ठेवली तरी त्याच्या पानाशी बसून जेवलेली मीही आहेच.

त्या आठवड्यात ताईला पानभर मजकूर लिहून द्यायचा होता. प्रकाशनाचे मालक तिला म्हणाले होते, "नवे वाचक एवढा ढीग बघून पळतात. मालिकेत चांगलं काय, वाईट काय, तुम्हीच प्रामाणिकपणे लिहा. ओळन्ओळ वाचलेलं माणूस तुमच्याशिवाय आहे कोण?" ताई हो म्हणाली आणि तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली.

"आधी वाईट लिही," मी म्हटलं. "मी सांगते. त्या दोघांचं भिजत घोंगडं. तो बोलायला गेला की फोन वाजतो, नाहीतर कुणीतरी दार उघडून आत येतं. एका भागात गैरसमज वाळत घालायचा, पुढच्या भागात पुन्हा भिजवायचा. स्टुडिओच्या पहारेकऱ्यालासुद्धा माहीत आहे की त्याचं हिच्यावर प्रेम आहे. हिलाच तेवढं माहीत नाही."

"लिहिलंय ते."

"आणि हेही लिही. कुठल्याही भूमिकेच्या काळजातलं ओळखणाऱ्या पोरीला समोर उभ्या माणसाचं तोंड वाचता येत नाही? मला तर तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते."

"तेही लिहिलंय. कानाखालचं सोडून." ताई जराशी हसली. "शिवाय मधे चित्रं काढणारीने मोठी विश्रांती घेतली, त्यानंतर सगळ्यांचे चेहरे कडक झालेत. हसले तरी दात दुखत असल्यासारखे."

चांगलं सांगताना मात्र ती उभ्यानेच हातवारे करायला लागली. पोरीची स्पर्धक नटी तिला किती आवडते ते सांगितलं. भूमिका हातची गेली तरी ती बाई कटकारस्थान करत नाही, घरी जाऊन सराव करते. मग म्हणाली, "आणि अभिनयाची पानं. त्या पानांना तोड नाही. कागदावर आवाज नाही, हालचाल नाही. मग पोरगी चांगली नटी आहे हे दाखवायचं कसं? तर चित्रं काढणारी बघणाऱ्यांची तोंडं काढते. पोरगी बोलायला लागते आणि कॉफी आणणाऱ्याच्या हातातला ट्रे तिरका होतो. दिवेवाला दिवा फिरवायचं विसरतो. पोरीचा चेहरा आपल्याला दिसतही नाही आणि अंगावर काटा येतो."

"मग घोडं अडलंय कुठे?"

ती खिडकीपाशी गेली. "अजून एक दोष आहे. तो लिहायचं जमत नाहीये. तिथे कुणीच नुसतं राहून जात नाही. पोरीला नकार मिळतो तो पुढे काहीतरी मोठं मिळणार म्हणूनच. अपमान झाला तर तोही पुढच्या भूमिकेत कामाला येतो. एवढा मोठा स्टुडिओ, पण मेहनत केली, वाट बघितली आणि काहीच झालं नाही, असं एकही माणूस त्यात नाही. इतकी वर्षं मी भरतेय आणि मला आत्ता कळलं."

मी मशीनचं चाक हाताने फिरवत राहिले. ती कुणाबद्दल बोलतेय हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

बारकी ती मालिका वाचतच मोठी झाली आणि तिने नटी व्हायचं ठरवलं. शिक्षण संपल्यापासून ती ऑडिशन देतेय. एका जाहिरातीत तिचा हात दिसला. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये ती गर्दीत असते. आम्ही दोघी पडद्याला नाक लावून तिला शोधतो. पोटासाठी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि ते इतकं चोख करते, की दुकानदारांनी नवी शाखा तिच्या हातात द्यायची तयारी दाखवली होती. शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. नेमकं त्याच वेळी एका फिरत्या नाटक मंडळीने तिला राखीव नटी म्हणून बोलावलं. वर्षभर त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायचं, सगळ्या बायकांची वाक्यं पाठ ठेवायची आणि कुणी आजारी पडलं तरच उभं राहायचं. दुकान सोडावं लागणार होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"आई, तू सांग, काय करू," असं ती रोज विचारायची. ताई रोज "बघू" म्हणायची आणि उठून खिडकी उघडायची. मला विचारलं असतं तर मी फाडकन सांगितलं असतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. शिवाय मंडळीने ज्या हौशी नाटकात तिचं काम पाहिलं, ते मी पाहिलं नव्हतं. ताई एकटीच गेली होती. घरी आल्यावर "छान झालं" एवढंच म्हणाली आणि कामाला बसली होती.

शुक्रवारी दुपारी नव्या भागाच्या प्रती आल्या. पहिली प्रत उघडायचा मान बारकीचा. ती चपला न काढताच जमिनीवर बसली आणि वाचायला लागली. मधेच मोठ्याने हसली.

"मावशी, हे बघ. दिग्दर्शक हिला तोंडावर म्हणतो, 'तुला अभिनय येत नाही. कधी येईल असंही मला वाटत नाही. घरी जा.' आणि पुढच्या चित्रात ही कमरेत वाकून म्हणतेय, 'धन्यवाद, पुढच्या वेळी अजून चांगलं करीन.' वेडी आहे का ही?"

मी पुस्तक हातात घेतलं. मला तरी त्यात काय कळणार? पण ताई मागून आली, तिने पान बघितलं आणि ती बघता बघता पांढरी पडली. दिग्दर्शक ते मनात म्हणत होता. तोंडाने तो काहीच बोललेला नव्हता. त्या फुग्याला शेपूट नको होतं. ते तिने काढलं होतं, दिग्दर्शकाच्या ओठांपर्यंत नेलेलं, ठसठशीत.

"चूक झाली," ती म्हणाली. "मालकांना फोन करते."

बारकी हसायची थांबली. अक्षरं भरणाऱ्या बाईची मुलगी ती. पानावर काय झालंय हे तिला माझ्याआधी कळलं. "तू असली चूक कधीच करत नाहीस," ती म्हणाली. "हे पान कधी केलंस?"

ताईच्या हातात फोन होता, पण ती नंबर लावत नव्हती. "तुझं नाटक झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तो मला बोलतोय."

"मी मुद्दाम नाही केलं गं. हाताने झालं."

लेकी बोले सुने लागे, हे आजवर ऐकलं होतं. इथे परक्या लेकीला बोललेलं घरच्या लेकीला लागलं होतं. मला ताईचा राग आला. ज्या तोंडाने सांगायचं ते मिटून ठेवलं आणि कागदावरच्या माणसाकडून वदवून घेतलं. मी तसं म्हणणार होते, पण बारकीच बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"इतकं वाईट केलं मी? कुठे वाईट केलं ते तरी सांग. पहिल्या अंकात? शेवटी?"

"मला माहीत नाही."

"तू पुढच्या रांगेत बसली होतीस."

"बसले होते. पण मी तुझ्याकडे बघत नव्हते." ताई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "तू बोलायला लागलीस तशी मी मागे वळले. मी लोकांची तोंडं बघत होते. कुणाचा हात थांबतो का, कुणी श्वास धरतं का. एक माणूस शर्टाचं बटण चाचपत होता. एक बाई पिशवीत काहीतरी शोधत होती. कुणाचंच काही थांबलं नाही. शेवटपर्यंत मी तेच बघत बसले."

बारकी तिच्याकडे बघत राहिली. हसावं की रडावं हे मलाही कळेना. एरवी ही बाई ज्या पोरीसाठी जीव टाकते, त्याच पोरीकडे पुढच्या रांगेत बसून पाठ फिरवते.

"म्हणजे माझं काम तू बघितलंच नाहीस."

"नाही."

बारकीने चपला काढल्या. माझं मशीन एका बाजूला सरकवलं, शिवायचे कपडे पलंगावर टाकले आणि खोलीच्या मधोमध जागा केली. "बस," ती आईला म्हणाली. "आता बघ. मावशीकडे बघायचं नाही."

तिने त्या नाटकातला शेवटचा प्रवेश केला. एक बाई जुन्या घराची किल्ली परत द्यायला येते आणि ती देववत नाही, एवढाच. हातात किल्लीसुद्धा नव्हती. ताई खुर्चीत बसली होती आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच उठली नाही. मीही बघितलं. शब्द स्पष्ट होते, हात जिथे जायला हवेत तिथे जात होते. वाईट म्हणावं असं काही नव्हतं.

संपल्यावर ती म्हणाली, "आता सांग. मनातलं मनात ठेवू नकोस."

ताईने तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, ही पण हनुवटीच्याच वळणावर जाणार. पण ती बोलली.

"चुकलीस कुठेच नाहीस. पण तुला मजा येत नाहीये. धुणं आवरावं तसं आवरलंस."

मी वादळाची वाट बघत होते. बारकी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "येत नाही मजा," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांपासून येत नाही."

"मग सोडलं का नाहीस?"

"सोडू कशी? मी नटी व्हावं म्हणून तू इतकी वर्षं डोळे फोडून ते फुगे भरलेस."

"मी?" ताई म्हणाली. "अगं, मी पोटासाठी भरले. तुला आवडतं म्हणून मी गप्प राहिले. मला तर तू चष्म्याच्या दुकानातून आलीस की बरं वाटायचं."

मला दोघींच्या पाठीत धपाटा घालावासा वाटत होता आणि दोघींना जवळही घ्यावंसं वाटत होतं. शेवटी यातलं काहीच केलं नाही. कपडे उचलून पुन्हा घड्या घालत बसले. बारकीने दुकानदारांना फोन लावला, नवी शाखा घेते म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"आई," ती म्हणाली, "मग मला नक्की आवडतं तरी काय?"

ताईने खुर्ची तिच्याकडे वळवली. ती बारकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.