राष्ट्रीय कबड्डी दुबईत, आमची प्रज्ञा निगडीतच

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी निगडीत मुलींना कबड्डी शिकवते. माझी विद्यार्थिनी प्रज्ञा यंदा राज्याच्या संघात निवडली गेली. तिचे वडील चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर आहेत. निवड झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या लाईनला पेढे वाटले होते.

मग कळलं, यंदाची राष्ट्रीय स्पर्धा दुबईत आहे आणि पंधरा दिवसांत निघायचंय. यांच्या घरात कोणाकडेच पासपोर्ट नाही. लगेच अर्ज केला, पण जन्मदाखल्यावर आडनाव चुकलेलं निघालं आणि तो अडकला.

आज प्रज्ञाला आणि तिच्या वडिलांना घेऊन राज्य कबड्डी संघटनेच्या ऑफिसात गेले. साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, पासपोर्टवाली दुसरी मुलगी घेतलीय आम्ही."

"पण आपली स्पर्धा दुबईला कशाला, साहेब?"

"तिकडं टीव्हीवर भारी दिसतं."

शिफ्ट बुडवून आलेल्या वडिलांनी हात जोडले. "साहेब, माझ्या पोरीचं काय चुकलं?"

मला राहवलं नाही. मी त्यांचे हात खाली केले. "भाऊ, हात नका जोडू. चूक आपली नाही."

मग वगळल्याचं कारण लेखी मागितलं आणि मिळेपर्यंत तिथेच बसले. दोन तासांनी कागद मिळाला: 'पासपोर्ट नसल्याने वगळले.'

रिक्षात प्रज्ञाने तो तीनदा वाचला. म्हणाली, "मॅडम, यात माझ्या खेळाबद्दल काहीच नाही."

त्या कागदाचा फोटो खाली टाकलाय. तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर देऊ?