एका दमातलं वाक्य

मंगलाताई गेल्याची बातमी मला चाकणहून परतताना कंपनीच्या बसमध्ये, पालकांच्या ग्रुपवर कळली. मुलीला, प्रज्ञाला, हे कसं सांगायचं याची डांगे चौक येईपर्यंत मी मनात जुळवाजुळव करत होते. तिने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ताईंच्या सुनेने सकाळीच फोन करून तिला सांगितलं होतं. तिला, मला नाही. खोटं कशाला बोलू, ताई गेल्याचं दुःख व्हायच्या आधी माझ्या पोटात दुखलं ते याचंच. आता महिना उलटलाय, म्हणून हे लिहायला धजावते आहे.

प्रज्ञाच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. दहा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, पण एक झडप जरा कमजोरच राहिली. तेव्हापासून मी तिला फुलासारखं जपलं. धावायचं नाही, दोरीच्या उड्या नाहीत, आणि जिना चढताना तोंडातून शब्द काढायचा नाही. ‘बोलू नकोस, दम लागेल,’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन कोण जाणे. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरच म्हणाले की हिला बसवून ठेवू नका, बेताचा व्यायाम सुरू करा, आणि त्यांनी मंगलाताईंचं नाव दिलं. ताई निवृत्त फिजिओथेरपिस्ट. थेरगावातल्या एका छोट्या हॉलमध्ये मंगळवार-शनिवार हृदयाचा त्रास असलेल्या सात-आठ मुलामुलींचा व्यायाम घ्यायच्या. साठी उलटलेली, साडीखाली निळे कॅनव्हासचे बूट. मी पहिल्याच दिवशी त्या बुटांना नाक मुरडलं होतं.

खुर्च्या भिंतीला लावून मुलं हॉलमध्ये गोल चालायची, आणि ताई एकेकाबरोबर दोन-दोन फेऱ्या मारायच्या. त्या वेळी त्या मुलाने सारखं बोलत राहायचं. काय खाल्लं, शाळेत काय झालं, काहीही. घरी ‘काय झालं गं?’ म्हटलं की ‘काही नाही’ एवढंच उत्तर देणारी माझी मुलगी तिथे घडाघडा बोलायची. येताना रिक्षात पुन्हा गप्प. चौदा वर्षं रात्रंदिवस उशाशी बसले मी, आणि तिच्या मनातलं ऐकायचं कुणी, तर आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्या या बाईंनी... माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा माझी शिफ्ट लवकर सुटली म्हणून मी हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिले. प्रज्ञा ताईंना सांगत होती, “किल्ल्याच्या ट्रिपला शाळेने नाही म्हटलं, असं मम्मी सांगते. पण मला माहितीये, हिला नेऊ नका अशी चिठ्ठी तिनेच दिली होती.” मुलं पाणी प्यायला गेली तशी मी ताईंना गाठलं आणि आमच्या घरातल्या गोष्टी तुम्ही तिला का विचारता, असं चांगलंच सुनावलं. त्या चिडल्या नाहीत.

“मी काही विचारत नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी तिचा दम बघते. चालताना एका दमात वाक्य पूर्ण झालं तर ठीक, मधेच तुटलं तर मी ‘हळू’ म्हणते, एवढंच. घरी चालताना बोलते ना ती?”

तिला गप्प राहायची सवय मीच लावली होती, हे त्या क्षणी मला कळलं, आणि कळलं म्हणून मी आणखीच चिडले. शिफ्टचं निमित्त करून दोन आठवडे तिला पाठवलं नाही. प्रज्ञाने वाद घातला नाही. ती नुसती बूट घालून सोफ्यावर बसायची, मंगळवारी आणि शनिवारी. शेवटी मीच तिला घेऊन गेले. ताईंनी रजेचं कारण विचारलं नाही, “चला, पहिली फेरी,” म्हणाल्या. त्यासाठी मी त्यांचे आभार मानायला हवे होते. ते राहूनच गेले.

गेल्या मंगळवारी प्रज्ञाने पुन्हा बूट घातले. “हॉल नाही तर नाही, आपला जिना आहे,” म्हणाली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आधी खाली उतरलो, मग ती चढू लागली तशी तिच्यामागून मीही निघाले. सवयीने ‘बोलू नकोस’ ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि म्हटलं, “बोल.” ती बोलायला लागली, ताईंबद्दलच. ताई कशा हसायच्या, ताई डब्यात काय आणायच्या... मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात, पण मला झाला. तिचं वाक्य मात्र कुठे तुटत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, “मम्मी, तू काहीच बोलत नाहीयेस. बोलून दाखव.”

मला धाप लागली होती. तरी म्हटलं, “ट्रिपला शाळेने... नाही म्हटलं नव्हतं... चिठ्ठी मीच...”

तिने माझा हात धरला.

“हळू,” ती म्हणाली.