शाळापट्टी आणि थोरलीचा हात

धाकट्या जावेला शाळेत खुर्ची मिळाली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. का दुखू नये? ती खुर्ची माझी होती.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या जवळ, द्राक्षबागांमधलं. गावात जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग पाच, शिक्षक दोन. चार वर्षांपूर्वी महिला ग्रामसभेत मी जन्मात पहिल्यांदा उभी राहून बोलले. म्हटलं, पाण्याची पट्टी भरतो, दिव्याची भरतो, तर घरपट्टीबरोबर शाळेचीही थोडी पट्टी घ्या आणि तिच्यातून गावाची म्हणून शिकवायला एक बाई नेमा. ठराव झाला आणि मोठ्या ग्रामसभेतही टिकला, तीन वर्षांसाठी. शाळापट्टी हे नावही मीच ठेवलं. सुरगाण्याकडची एक तरुण बाई आली. बागांच्या छाटणीला तिकडचे मजूर येतात. त्यांची मुलं एरवी वर्गात भिंतीला टेकून गप्प बसायची, ही बाई त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायला लागली.

त्याच जूनमध्ये नवऱ्याने आमच्या मुलीचं नाव पिंपळगावच्या इंग्रजी शाळेत घातलं. मी अडवलं नाही. दारात पिवळी व्हॅन उभी राहावी, टाय लावलेली पोरगी तिच्यात चढावी, हे मलाही हवंच होतं. मग कळलं, शाळेच्या समितीवर त्या शाळेतल्या मुलांचेच पालक बसू शकतात. जावेची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, ती गावातल्या शाळेत. झाली जाऊ समितीची अध्यक्ष. आयत्या बिळावर नागोबा.

तिने काम केलं नाही असं मी म्हणत नाही. तिने काम केलं, हेच तर खुपत होतं. गळकं छप्पर नीट झालं, पुस्तकांचं कपाट आलं, तालुक्याहून साहेब बघायला आले. पेपरात तिचा साहेबांबरोबर फोटो छापून आला, त्यात तिने नेसलेली जांभळी साडी माझी. मीच सकाळी कपाटातून काढून दिली होती, तुला खुलून दिसेल म्हणत. तो पेपर घरात आठवडाभर टीव्हीच्या वर होता.

पण सगळ्यात जास्त जाळायचा तो सकाळचा चहा. सासऱ्यांना चहाबरोबर पेपरातले कांद्याचे भाव ऐकायचे असतात. जावेची मुलगी घडाघडा वाचायची. एकदा मी मुद्दाम माझ्या मुलीला पुढे केलं. ती विंचूर या बाजाराच्या नावावरच अडकली, पुन्हा अडकली, मग माझ्याकडे बघायला लागली. सासऱ्यांनी पेपर हळूच दुसऱ्या नातीकडे सरकवला. त्या दिवशी मी पोरीला उगाचच बोलले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गेल्या वर्षी पट्टीची मुदत संपली. ठराव पुन्हा झाला नाही तर बाईंना घरी जावं लागणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी विरोध केला नाही. इतकी वेडी नव्हते मी. बागेत काम करता करता शेजारणींना नुसतं विचारायची, ज्यांची पोरं व्हॅनने जातात त्यांनी कशाला भरायची गं पट्टी? सासूबाईंच्या मैत्रिणींना म्हणायची, आता शाळा चांगली झालीच की. चिमूटभर मीठ इकडे, चिमूटभर तिकडे.

महिला ग्रामसभा मारुतीच्या देवळाच्या मंडपात होती. आमच्याकडे एका घरच्या बायका एकत्र बसतात, आणि हात वर करायची वेळ आली की आधी घरातल्या थोरलीचा हात, मग धाकट्यांचा. कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी मोडतही नाही. सासूबाई गुडघ्यांमुळे येत नाहीत, त्यामुळे आमच्या घरची थोरली मी.

जावेने पुढे जाऊन ठराव वाचला. छान वाचला, मेलीने. मग येऊन माझ्या शेजारी बसली. ग्रामसेवक म्हणाले, ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

मी पदर सारखा करत राहिले. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं: ती हात वर करील, मागे चारदोन हात येतील, आणि सगळ्या गावासमोर ती पडेल. चांगले वीसेक हात वर आलेही. पण तिचा आला नाही. तो मांडीवरच होता आणि ती माझ्याकडे बघत होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागे वळून पाहिलं. अध्यक्षीणबाईंचाच हात खाली, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. कुजबुज झाली. एकेक हात खाली यायला लागला.

तेव्हाही वेळ होती. मला फक्त हात उचलायचा होता. मी उचलला नाही.

पुढे मोठ्या ग्रामसभेत पुरुष म्हणाले, बायकांनाच नको तर आमचं काय जातंय. विषय संपला.

देवळातून घरी येताना मी तिला जरा तिखटपणेच विचारलं, तुझाच ठराव, मग तू का हात वर केला नाहीस?

"तुमच्या आधी कसा करनार, ताई?" ती म्हणाली. "पट्टी तुमचीच हाय ना. शाळेत आलेल्या परत्येकाला मी हेच सांगती, आमच्या ताईंनी चालू केली म्हनून. साहेबांना बी तेच सांगितलं व्हतं. मला वाटलं, तुमाला काही चुकीचं दिसलं असंल."

मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर बाई सुरगाण्याला परत गेल्या. यंदाही छाटणीला मजूर आले, त्यांची मुलं पुन्हा भिंतीला टेकली. जावेची मुलगी अजूनही कांद्याचे भाव वाचते आणि माझं पोट अजूनही दुखतं, त्यात खोटं कशाला सांगू.

पट्टीचा विषय कोणत्याही सभेत पुन्हा मांडता येतो, असं ग्रामसेवक म्हणतात. त्यानंतर दोन सभा झाल्या. दोन्ही वेळा जाऊ माझ्या शेजारी बसली. आणखी कुणाला काही विचारायचं आहे का, असं ग्रामसेवकांनी शेवटी विचारलं, की ती मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघते.