डेंटरकाकांचा जाड पत्रा

गॅरेजात सगळे त्यांना डेंटरकाका म्हणत. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांचा जन्म गेला. पत्रा हा त्यांचा देव आणि जाडी हा त्यांचा धर्म. गाडी कुठल्याही देशाची असो, बॉनेटवर बोटाने टकटक करून ते निकाल देऊन मोकळे व्हायचे. जपानी गाडी? "इंजिन गुणाचं, चाळीस वर्षं चालेल. पण पत्रा म्हणजे डब्याचं झाकण." कोरियन? "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." जुन्या जर्मन गाडीपुढे मात्र त्यांचा आवाज उतरायचा. "हिचं दार लावून बघा नुसतं. मोडेन पण वाकणार नाही, अशी जात आहे ही!"

"काका, जावईही असाच टकटक करून निवडणार का?" शेजारी रंगकाम करणारा पेंटर विचारायचा. काका हसायचे, पण निकाल बदलायचे नाहीत. खरं तर या शास्त्राला आधार एवढाच, की जी गाडी ठोकताना घाम काढते ती चांगली.

मुलगी एकुलती एक. लांबच्या हॉस्पिटलात नर्स होती, हमरस्त्याने रोज ये-जा करायची. तिला नवी छोटी जपानी गाडी घ्यायची होती.

"बाबा, तिचा पुढचा भाग मुद्दाम दुमडेल असाच केलाय. माणूस वाचावा म्हणून."

"अगं, हलका पत्रा खपवायचा तर काहीतरी सांगायला नको का? अशा चुरगळलेल्या गाड्या रोज येतात माझ्याकडे."

"आणि त्यातली माणसं?"

"माणसांचं मला काय ठाऊक? माझ्याकडे गाड्या येतात."

"जाऊ दे. तुमच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली आणि हसली.

काकांनी भंगारात निघालेली एक जर्मन गाडी आणली. गंजलेला भाग कापून नवा जोडला, महिनोन् महिने सुट्टीच्या दिवशीही खपले. पेंटरने तिच्या आवडीचा निळा रंग मारला. लेकीवर त्यांचा फार जीव होता, आणि तो सगळा त्यांनी त्या गाडीत ओतला. गाडी घेऊन ती पहिल्यांदा निघाली तेव्हा कोपऱ्यापर्यंत हॉर्न वाजवत गेली.

मग एका सकाळी धुकं होतं, आणि रस्त्यात दिवे न लावता एक ट्रक उभा होता.

"छातीला जबर मार होता, वाचवता आलं नाही," डॉक्टर म्हणाले. "गाडी दबलीच नाही. सगळा धक्का आतल्या माणसानेच घेतला."

गाडी गॅरेजातच आणली गेली. बंपर वाकडा, एक दिवा फुटलेला, बॉनेट जरासं उचललेलं. काका तिच्याभोवती फिरले. "दोन दिवसांचं काम," सवयीने तोंडातून गेलं, आणि आपलेच शब्द त्यांना ऐकू आले. जाड पत्र्यावर हातोडा मारला की पत्रा हलत नाही, मार उलटा मनगटात येतो. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचं मनगट जन्मभर ठणकत होतं, आणि ते त्यालाच मजबुती म्हणत आले होते.

बायकोने कधी बोल लावला नाही. तेच त्यांना सोसत नव्हतं. तिने एकदाच विचारलं, "गाडीचं फार नुकसान झालंय का हो?" काकांना "नाही" म्हणता येईना. ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बसले.

पुढे ते कामावर यायला लागले, पण कुठल्या देशाची गाडी चांगली, हा विषय निघाला की तोंडाला कुलूप. एकदा एक गिऱ्हाईक तणतणत आलं. ओढून आणलेली त्याची नवी जपानी गाडी नाकापासून काचेपर्यंत चुरगळली होती.

"बघा हा कागदी पत्रा! एका धडकेत चोळामोळा. तुम्हीच सांगा, ही काय गाडी झाली?"

"आत कोण होतं?" काकांनी विचारलं.

"पोरगी होती माझी."

"तिला?"

"तिला काय होतंय! दार उघडून उतरली आणि मलाच फोन केला. आता घरी बसून आईशी भांडतेय."

काकांनी त्या चुरगळलेल्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले. "चांगली गाडी आहे हो," ते म्हणाले, "फार चांगली गाडी आहे," आणि सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडू लागले.