किल्लीला लटकलेला कॉम्प्युटर

आमच्या घरचा कॉम्प्युटर बरेच दिवस माझ्या मोटारसायकलच्या किल्लीला लटकून फिरत होता. त्याचा डबा केदारखेड्याला घरी टेबलावरच असायचा, पण त्याची हार्डडिस्क गेली होती. मग मी एका पेनड्राइव्हमध्ये अख्खी सिस्टीम बसवली. पेनड्राइव्ह खोचला की कॉम्प्युटर जिवंत, काढला की नुसता डबा. हरवू नये म्हणून तो किल्लीच्या कडीत अडकवायची अक्कलही माझीच.

कॉम्प्युटर खरं तर वहिनींनी माहेरून आणलेला. त्यांना मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती आणि वेळ मिळायचा तो दुपारचाच, भांडी आवरल्यावर. दुपारी मी भोकरदनला, दुकानात. तिथं मला त्या पेनड्राइव्हचं काडीचंही काम नव्हतं. चहाच्या वेळी मालकाच्या मशीनला तो लावून मित्रांपुढं मिरवायचो, "बघा, अख्खा कॉम्प्युटर खिशात घेऊन फिरून राह्यलो." आयत्या बिळावर नागोबा! "संध्याकाळी बसत जा न, वहिनी," असंही वर सांगून टाकलं होतं. संध्याकाळच्या गरम भाकरी कोण करतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच.

एकदा दुपारीच घरी आलो, तर आतून कीबोर्डची टकटक. माझा हात खिशाकडं गेला. पेनड्राइव्ह माझ्याकडंच होता. वहिनी काळ्या पडद्यासमोर बसून, पुस्तकात बघत टाइप करत होत्या.

"वहिनी, ते तर बंद हाय न?"

"म्हाईत हाय, भाऊजी. बोटं तर चालून राह्यले. चुकलं तं दिसत न्हाई, एवढंच."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. कडीतून पेनड्राइव्ह ओढून काढताना नख तुटलं. कॉम्प्युटर चालू करून दिला. वहिनींनी एक ओळ टाइप केली, पडद्याकडं पाहिलं आणि थांबल्या. दोन बोटांची अदलाबदल झाली होती. न बघता घोटून घोटून चूकच पाठ झाली होती, आणि परीक्षा त्याच आठवड्यात होती.

वहिनी नापास झाल्या. निकालाच्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "लग्नानंतर कुठं होतो अभ्यास? उगाच खर्चा झाला." आई म्हणाली, "बराबर." मला सगळं ठाऊक होतं, तरी मी ताटात मान घालून भाकरी मोडत राहिलो. वहिनी भाकरीची टोपली घेऊन माझ्यापाशी आल्या.

"भाऊजी, अर्धी वाढू का अजून?"

मी हो म्हणालो.