चवथीची कुलपं

कमरेवर हात ठेवून दारात उभं राहायचं आणि हाक घालायची, "कोण आसा गो घरात?" उत्तर येईपर्यंत बाई स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. तुमच्याही वाड्यावर अशी एखादी असेलच.

गोव्यातल्या पाळी गावच्या अंगणवाडीच्या या बाई, मूळ पेडण्याच्या. त्यांचा वाडा म्हणजे खाणीवर, ट्रकवर कामाला आलेल्या सिंधुदुर्गातल्या माणसांची वस्ती. बाहेरून आलेली कुटुंबं कुठल्या तालुक्यात किती वसली, हे पाहायला आम्ही पणजीहून निघालो होतो. साहेब नवे, घाटावरचे. रस्ते मोकळे मिळतील म्हणून त्यांनी नेमकी गणपतीची चवथ निवडली! मी पडलो कारकून, माझं कोण ऐकतो?

वाड्यावर दारोदार कुलूप. साहेब म्हणाले, "इथं वस्तीच नाही. अंगणवाडी दुसरीकडे हलवू."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पण क्षणभरच.

"कुलूप बघून माणूस नाय म्हणतास? गणपती काय भाड्याच्या खोलीत बसतलो? चला, दाखवतंय!"

साहेबांच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून त्यांनी आम्हाला सिंधुदुर्गात, दोडामार्गापलीकडच्या एका गावात नेलं. वाड्यावरची बहुतेक घरं तिथलीच. आरत्या चालू होत्या. बाईंनी अंगणातूनच आवाज दिला, "पाळयेची पोरां, हंय येवा!"

घराघरातून पोरं धावली, तोंडात नेवऱ्या कोंबलेल्या. गंमत बघायला गावातलीही घुसली. साहेब खूश होऊन सगळीच मोजू लागले, तर बाईंनी एकेकाचा दंड धरून बाजूला काढलं. "तू हयलो, घराक जा. साहेब, पाहुणे नको ओ!"

एवढी गरज असताना बाई खोटं एक पोर घेईनात, तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला. साहेब पानावर बसले, खतखतं दोनदा मागून घेतलं आणि म्हणाले, "चवथ झाल्यावर पुन्हा मोजू."

अंगणवाडी राहिली. बाई मात्र पुढे काही वर्षांनी निवृत्त होऊन पेडण्याला गेल्या. आता पाळीत त्यांच्या जागी दुसरी मुलगी आहे, चांगली आहे, पण हाक घालत नाही.

यंदा चवथीला मी बाईंकडे गेलो होतो. दुपारी अंगणात टेंपो येऊन थांबला. पाळीचा अख्खा वाडा दोडामार्गाची वाट वाकडी करून आधी बाईंच्या गणपतीला आला होता. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता मिसरूड फुटलेली, तरी पहिल्यासारखीच आत घुसली. बाई पानं वाढता वाढता ओरडत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. त्या दिवशी कोणी मोजणीला आलं असतं, तर सगळा सिंधुदुर्ग पेडण्यातच राहतो असं लिहून गेलं असतं.