कुमारिकेचा रिकामा पाट

आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत नवरात्राच्या अष्टमीला घरोघरी कुमारिका जेवायच्या. माझ्या सुमनला मात्र कुणी पाटावर बसवलं नाही. बुद्धीनं ती लहान लेकरासारखीच राहिली होती. लाळ गळायची, मध्येच ओरडायची. शेजारणी वाईट नव्हत्या. "सुमनचं ताट घरी पाठवते हं," म्हणायच्या, आणि झाकलेलं ताट दारात यायचं. कुमारिका अव्यंग असावी, असं शास्त्र आहे म्हणे. कसलं मेलं शास्त्र! त्या ताटातला घास माझ्या घशाखाली उतरत नसे. कुणीतरी एकदा माझ्या लेकीचे पाय धुवावेत, एवढीच आस मी वर्षानुवर्षं धरून होते.

तिला बारावं लागलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. आज ना उद्या ती न्हातीधुती होणार, मग कुमारिका म्हणून बसणं संपलंच. त्या अष्टमीला सकाळीच तिला घेऊन मी कोराडीची बस धरली. भक्ती कसली, देवीशी भांडायलाच निघाले होते. कुमारिका तुझंच रूप ना, मग हिच्यात तू का नाहीस, हे तोंडावर विचारायचं होतं.

दर्शनाच्या रांगेत सुमन बिथरली. बसकण मारून किंचाळू लागली. लोक बाजूला सरकले. तिला कशीबशी ओढत मी देवळामागच्या झाडाखाली आणलं आणि मीच रडायला लागले. दर्शन राहिलं ते राहिलंच.

तिथं साध्या सुती लुगड्यातली एक बाई कुमारिकांची पंगत बसवत होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "एक पाट रिकामाच आहे वं. तुह्या पोरीले पाठव."

मी चाचरले. "बाई, तिला काही समजत नाही हो."

"मंग? जेवाले समजा लागते काय?"

तिनं सुमनचे पाय परातीत घेतले, धुतले, कुंकू लावलं. सुमननं पाणी उडवून तिचं तोंड भिजवलं. ती हसली आणि त्याच ओल्या पायांवर तिनं डोकं टेकवलं. सुमनला भरवायला मी उठले, तर म्हणाली, "तू काहून उठली? तू बी जेव. पोरीले मी भरवून राहिली न."

माझ्यापुढं पान आलं. गरम पुरी, उसळ, शिरा. लेक दुसऱ्याच्या हातून जेवतेय आणि मी निवांत बसून खातेय, असं तिच्या जन्मापासून घडलं नव्हतं. मी रडले, आणि पोटभर जेवले. नाव विचारायचं भानच राहिलं नाही.

सुमन काही बरी झाली नाही. आता अष्टमीला अशा लेकींना मीच घरी आणते, आधी त्यांच्या आयांना जेवायला बसवते, लेकींना मी भरवते. कोराडीलाही दरवर्षी जाते. देवीपुढं उभी राहिले की मागायला काही सुचत नाही. नजर तेवढी मूर्तीवरून सुटून बायकांच्या गर्दीत तिला शोधत फिरते, आणि मी ती आवरत नाही.